खिळ्यापासून मोबाइलच्या पडद्यापर्यंत : मराठी अक्षरमांडणीतील सुलभता व सौंदर्य

प्रस्तावना :

मोबाइल ॲपच्या पडद्याची रचना करताना सुलभता आणि दृश्य आकर्षकता यांचा समतोल कसा साधावा, हा प्रश्न सामान्यतः संगणकशास्त्राचा मानला जातो. मराठीच्या संदर्भात मात्र त्यास दीडशेहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. मर्यादित जागेत आणि मर्यादित साधनांनी, वाचकास विनासायास उमगेल व डोळ्यांस रुचेल अशी मांडणी करणे, हीच अडचण एकोणिसाव्या शतकातील मराठी मुद्रकांपुढेही होती. सुलभता ही नेमकी कोणाची, साधन घडविणाऱ्याची की वापरणाऱ्याची, या प्रश्नाच्या आधारे या इतिहासाचा मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

मुद्रणयुगातील पेच :

गणपत कृष्णाजी यांनी १८३१ मध्ये मराठी पंचांग शिळाप्रेसवर छापले. शिळाछापात मजकूर हाताने लिहिला जात असल्याने बोरूच्या अक्षराचे वळण जसेच्या तसे उतरत असे. धातूच्या खिळ्यांच्या छपाईत ही सोय नव्हती. काना, मात्रा, वेलांटी, उकार, रफार व जोडाक्षरे यांमुळे देवनागरीस शेकडो खिळे लागत. इंग्रजी जुळाऱ्याचे काम त्या मानाने पुष्कळच सोपे होते.

मिशनऱ्यांच्या छापखान्यांनी या दिशेने महत्त्वाचे प्रयत्न केले. अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथे १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक सुरू करणाऱ्या अमेरिकन मिशनच्याच मुंबईतील छापखान्यात टॉमस ग्रॅहम यांनी मराठी टंक सुधारले. याच छापखान्यात बालवयात नोकरीस लागलेले जावजी दादाजी यांनी १८६४ मध्ये टंकशाळा व १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला. निर्णयसागरच्या अक्षरांचा लौकिक त्यांच्या सुबकतेमुळे झाला. ही सुबकता खिळे कमी करून आलेली नव्हती. खिळे पाडणाऱ्याने व जुळाऱ्याने अधिक श्रम घेतले, म्हणून वाचकास पान सोपे वाटले, ही बाब येथे ध्यानात घेतली पाहिजे.

सुधारणेचा दुसरा मार्ग :

विसाव्या शतकात टंकलेखन व यांत्रिक जुळणीच्या सोयीसाठी लिपीच बदलावी, असा विचार पुढे आला. स्वातंत्र्यवीर सावरकर यांनी ‘अ’ची बाराखडी पुरस्कारिली, तीत ‘इ’ऐवजी ‘अि’ असे लिहिले जाई. १९५३ च्या लखनौ परिषदेने ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे घेण्याची सूचना केली. यंत्राच्या दृष्टीने या सुधारणा तर्कशुद्धच होत्या. तथापि ऱ्हस्व व दीर्घ वेलांटीतील भेद त्यामुळे डोळ्यांस चटकन जाणवेनासा झाला आणि लखनौची ती सुधारणा अल्पकाळातच सोडून द्यावी लागली. यंत्राचा भार वाचकाच्या डोळ्यांवर टाकणारी सुलभता टिकली नाही, असे म्हणता येते.

संगणक व मोबाइल :

संगणकाच्या आगमनानंतर हा भार पुन्हा साधनाकडे गेला. युनिकोडमध्ये वापरणारा केवळ मूळ वर्ण टंकित करतो. जोडाक्षराचे रूप घडविण्याचे काम फाँट करतो. सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी मायक्रोसॉफ्टसाठी रेखाटलेला ‘मंगल’ हा फाँट या टप्प्याचे ठळक उदाहरण होय. ‘ल’ व ‘श’ यांची मराठी वळणे राज्य शासनाने २००९ च्या निर्णयान्वये प्रमाण ठरविली. यंत्राच्या सोयीसाठी आता लिपीचे वळण सोडण्याचे कारण उरले नव्हते.

मोबाइलवरील याचे उत्तम उदाहरण म्हणजे आयआयटी मुंबईच्या आयडीसी या विभागात प्रा. अनिरुद्ध जोशी व सहकाऱ्यांनी विकसित केलेला ‘स्वरचक्र’ हा २०१३ चा कळफलक. त्यात व्यंजने शाळेत शिकलेल्या वर्णमालेच्या क्रमाने येतात. व्यंजनावर बोट ठेवताच त्याभोवती बाराखडीचे चक्र उमटते. बोट सरकवून हवे ते अक्षर उचलावयाचे असते. येथे चक्राची आकृती केवळ शोभेची नाही. वर्णमालेचे पूर्वज्ञान तिच्या द्वारे उपयोगात येते, म्हणून शोभा व सोय एकच झाली आहे.

त्याच वर्षी ॲपलच्या आयओएस ७ ने छाया व उठाव काढून टाकून सपाट मांडणी स्वीकारली. पडदा मोकळा व देखणा झाला. परंतु कोणता शब्द बटण आहे व कोणता केवळ मजकूर, हे ओळखणे अनेकांस कठीण गेले. मार्च २०१४ च्या ७.१ आवृत्तीत बटणांचे आकार दाखविण्याचा पर्याय द्यावा लागला. सुलभ दिसणे व सुलभ असणे यांतील अंतर येथे स्पष्ट होते.

घोडेगावच्या संदर्भात :

नेवासा तालुक्यातील घोडेगाव हे कांद्याच्या उपबाजारासाठी प्रसिद्ध आहे. २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी ॲपद्वारे शेतकऱ्याने स्वतः पिकाची नोंद करण्याची पद्धत सुरू झाली. २०२३ मध्ये प्रतिक्विंटल ३५० रुपये कांदा अनुदान जाहीर झाले, तेव्हा सातबारावरील पीकनोंद हा कळीचा मुद्दा ठरला आणि ज्यांची नोंद नव्हती त्यांच्यासाठी पुढे गावपातळीवरील पडताळणीची सोय करावी लागली. नोंद राहून जाण्याची कारणे अनेक असू शकतात. तथापि अशा ॲपचा पडदा हा शेतकऱ्याच्या हक्काचा दस्तऐवज ठरतो, एवढे यावरून निश्चित होते. भर उन्हात बांधावर उभे राहून वाचता येईल असे ठळक अक्षर, चित्रासोबत मराठी शब्द आणि चुकल्यास मागे येण्याची वाट या गोष्टींकडे म्हणूनच केवळ सजावट म्हणून पाहता येत नाही.

निष्कर्ष :

१. मराठी अक्षरमांडणीच्या इतिहासात घडविणाऱ्याने श्रम स्वतःकडे घेतले तेथे सुलभता व सौंदर्य एकत्र नांदले. श्रम वाचकाकडे ढकलले तेथे दोन्हींची हानी झाली.

२. घटक कमी करणे म्हणजे सुलभता नव्हे. वापरणाऱ्यास आधीच परिचित असलेल्या क्रमाचा व आकाराचा आधार घेणे ही खरी सुलभता होय.

३. महाविद्यालयांत ॲपनिर्मिती शिकविताना मुद्रण व लिपी यांचा इतिहास अभ्यासक्रमात असावा. भाषा, इतिहास व संगणक या विभागांनी एकत्र येऊन करण्याजोगे हे कार्य आहे.