वहीचे पहिले पान



मजूर संघटनेचे काम करणाऱ्या, शाळा सातवीत सुटलेल्या माणसाने संगणकाच्या इतिहासावर बोलावे, हे कित्येकांना चमत्कारिक वाटेल. पण ज्या गोष्टीने आमच्या माणसांच्या मजुरीला कात्री लागली, तिचे मूळ शोधणे मला भाग पडले.

२०२१ साली एका कारखान्यातील हंगामी कामगारांच्या थकबाकीचा हिशोब आमच्या कचेरीतील एका तरुणाने पायथन भाषेत मांडला. पायथनमधील 'नोटबुक' म्हणजे अशी वही, की जिच्यात लिहिलेले गणित तिथल्या तिथे सुटते. ह्या वहीच्या पहिल्या पानावर दहापंधरा ओळी असतात. कोणती अवजारे आणावयाची, तारीख कशी वाचावयाची, आकडे कसे छापावयाचे, हे त्यांत सांगितलेले असते. आमच्या चार वह्यांत त्या ओळी नकलून उतरविल्या होत्या. एकीत तारखेची ओळ गळाली. मग यंत्राने अमेरिकन रिवाजाप्रमाणे ५ जून हा ६ मे वाचला. १३ जून मात्र बरोबर वाचला, कारण तेरावा महिना नसतो! दरवाढ १ जूनपासूनची. त्यामुळे कित्येक हजेऱ्या जुन्या दराने लागल्या. यंत्राने चकार शब्द काढला नाही. चूक धरली ती एका म्हाताऱ्या कामगाराने, खिशातल्या डायरीवरून.

नकलेतला हा धोका नवा नाही. औंढा नागनाथाचे हेमाडपंती देऊळ आपल्याच जिल्ह्यात आहे. ज्या हेमाद्रीचे नाव त्या शैलीला मिळाले, तो तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांचा मंत्री होता. पत्रांचे मायने आणि दप्तराचे नियम एकत्र बांधणाऱ्या 'मेस्तका'चे जनकत्व परंपरा त्याच्याकडेच देते. प्रत्येक कारकुनाने मायना नव्याने रचू नये, एवढाच त्यातला हेतू.

यंत्राच्या बाबतीत हीच युक्ती इंग्लंडात केंब्रिजला निघाली. तेथील एडसॅक हे यंत्र मे १९४९ मध्ये चालू झाले. वारंवार लागणारी गणिते छिद्रे पाडलेल्या कागदी फितींवर तयार करून कपाटात ठेवीत. ज्याला लागेल त्याने त्यांची प्रत आपल्या कामात जोडावी. विल्क्स, व्हीलर आणि गिल ह्या तिघांनी १९५१ साली ह्या पद्धतीवर ग्रंथच छापला. नेदरलंड्सच्या गुइडो व्हान रॉसमने १९९१ साली पायथन प्रसिद्ध केली तेव्हा कपाट गेले, गठ्ठे राहिले. त्यांनाच पॅकेज म्हणतात. पुढे पवईच्या आय.आय.टी.त प्राध्यापक झालेल्या प्रभु रामचंद्रन यांनी 'मायावी' हे त्रिमिती चित्रांचे पॅकेज असेच सर्वांना मोकळे करून दिले.

आमच्या तरुणाने प्रथम एक सोपी वाट काढली. पायथनच्या नोटबुकात एक 'स्टार्टअप' कप्पा असतो. त्यात ठेवलेल्या ओळी वही उघडताच आपोआप चालतात. त्याच्या यंत्रावर सर्व सुरळीत झाले, पण तीच वही नांदेडच्या सहकाऱ्याने उघडली तेव्हा पहिल्याच ओळीला अडली. कप्पा डोंगरकड्यात राहिला होता ना!

शेवटी त्याने पॅकेज बांधले. त्यातही मी भांडलो. सगळेच एका ओळीत आत ओढले, की कोणते नाव कोठून आले हे वाचणाऱ्यास कळत नाही. बारीक टाइपातल्या कलमांवर अंगठे देणाऱ्या माणसांत मी तीस वर्षे काढली आहेत. मला असले आच्छादन खपत नाही. मग तडजोड झाली. तारीख वाचणे, रुपये-पैसे छापणे आणि देवनागरी टंक लावणे एवढेच पॅकेजात गेले. बाकीची अवजारे प्रत्येक वहीत नावानिशी उघड मागवावयाची. पॅकेज बदलले की त्याचा क्रमांक बदलतो, आणि तो क्रमांक हिशोबाच्या तक्त्याखाली छापावयाचा.

दुरुस्त तक्ता आम्ही कामगारांच्या सभेत वाचला. म्हाताऱ्याने डायरी काढली आणि जूनचे पहिले बारा दिवस एकेक करून ताडून पाहिले. तोपर्यंत कोणी उठले नाही.