सस्पेन्स खात्यातलं खापर

आमच्या घरात काहीही बिघडलं की त्याचं खापर माझ्याच डोक्यावर फुटतं. पण एकदा मी स्वतःच्या हातानं, रुमालात बांधून, एक खापर घरी आणलं. त्याची ही हकिकत.

झालं असं, की एका रविवारी पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयात गेलो. दिनकर केळकरांनी गावोगाव हिंडून दिवे, अडकित्ते, भांडीकुंडी जमवली आणि १९७५ साली सारा संग्रह सरकारच्या स्वाधीन केला, हे वाचून मला स्फुरण चढलं. आपणही काहीतरी जमवावं! नोटा तर दिवसभर हाताळतो, पण त्या जमत नाहीत. तांब्यापितळेचे भाव परवडत नाहीत. राहता राहिली माती. येता येता फुटपाथवर पुरातत्त्वावरचं एक जुनं पुस्तक घेतलं आणि चतुर्थीला मोरगावला जाताना एसटीत वाचून काढलं.

मयूरेश्वराचं दर्शन झालं. आत्याच्या घरी जेवून कऱ्हेकाठी फिरायला गेलो, तर समोर तांबूस खापराचा तुकडा! वर काळी रेघ! मी ओरडलोच, ''जोर्वे!''

जोर्वे हे संगमनेर तालुक्यातलं प्रवराकाठचं गाव. तिथे १९५०-५१ साली उत्खनन झालं आणि सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांच्या एका संस्कृतीला त्या गावाचं नाव मिळालं. तिची भांडी ओळखायची खूण सोपी. तांबडा रंग, त्यावर काळी भौमितिक नक्षी, चाकावर घडवलेलं पातळ अंग. आतून समांतर रेघा दिसल्या तर भांडं चाकावरचं. बोटांचे ठसे आणि कमीजास्त जाडी दिसली तर हातानं घडवलेलं. शिवाय जोर्व्याचं खापर टिचकी मारल्यावर धातूसारखं खणखणतं. पूर्वी कॅशियर चांदीचा रुपया वाजवून घेत, तसंच हे.

मी टिचकी मारली. आवाज आला, 'बद्'.

आत्यानं तुकडा हातात घेतला. ''अरे, हा आपला रांजण! शिमग्याला धाकट्यानं चेंडू मारून फोडला. ही काळी रेघ डांबराची. भेगेला लावलं होतं.''

तरीही आशा सुटेना. पुण्यात एका जाणकारांना तुकडा दाखवला. ते हसले नाहीत. एवढंच म्हणाले, ''खरा असता, तर मी पहिल्यांदा विचारलं असतं, कुठल्या थरातून उचललात?'' आणि त्यांनी इनामगावची गोष्ट सांगितली.

शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी हे इनामगाव. १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजनं तिथे उत्खनन केलं. घरांच्या जमिनीखाली करड्या घड्यांच्या जोड्या निघाल्या, तोंडाला तोंड लावून आडव्या ठेवलेल्या. आत तान्ही मुलं होती. गेलेल्या लेकरालाही त्या आईबापांनी घराबाहेर घालवलं नव्हतं.

ऐकून मी गप्प झालो. माझ्यासारखा हौशी संग्राहक तिथे आधी पोचला असता तर? चांगले घडे निवडले असते, हाडं झटकली असती आणि घडे धुऊन शोकेसमध्ये मांडले असते. घडे राहिले असते. मूल मात्र दुसऱ्यांदा गेलं असतं.

बँकेत तपशील नसलेली रक्कम आली की आम्ही ती सस्पेन्स खात्यात टाकतो. आज ना उद्या तिचा धनी सापडतो. जागेवरून उचललेलं खापर मात्र कायमचं सस्पेन्समध्येच राहतं.

तेव्हापासून शेतात, नदीकाठी काही दिसलं तरी मी हात खिशात घालतो. माझा संग्रह एकाच वस्तूचा आहे. तिच्यावर चिठ्ठी चिकटवली आहे : 'मोरगाव. आत्याचा रांजण. शिमग्याला फुटला. फोडणारा : धाकटा. कारण : चेंडू.'

वस्तू दीडदमडीची असेल, पण नोंद पक्की आहे. आणि आमच्या घरातलं हे एकच खापर, जे माझ्या डोक्यावर फुटलेलं नाही!