कर्नेलचा आरंभ आणि कॅश स्मृती : मिहानच्या संदर्भात एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीची स्थापना २००२ मध्ये झाली आणि नागपूरलगत मिहान प्रकल्प आकारास आला. टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल यांच्या केंद्रांमुळे विदर्भातील विद्यार्थ्यांसाठी संगणक-उद्योगाचे दार जवळ आले. त्या दारापर्यंत जाताना संगणकाच्या तळच्या थराचे ज्ञान दुर्लक्षित राहू नये, या हेतूने प्रस्तुत लेखात एका जुन्या प्रश्नाचा मागोवा घेतला आहे.

पार्श्वभूमी :
मुख्य स्मृतीपुढे लहान, वेगवान स्मृती ठेवण्याची कल्पना मॉरिस विल्क्स यांनी १९६५ मध्ये मांडली. १९६८ मध्ये जाहीर झालेल्या आयबीएम सिस्टिम/३६० मॉडेल ८५ मध्ये ती प्रत्यक्षात आली. गती वाढली, मात्र एकाच मजकुराच्या दोन प्रती निर्माण झाल्या.

नागपूरच्या विश्वेश्वरय्या महाविद्यालयाचे पदवीधर डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या सी-डॅकने १९९१ मध्ये परम ८००० सिद्ध केला. त्यातील ट्रान्सप्युटर चिपवरील ४ किलोबाइट स्मृती ही कॅश नव्हती. तिचा वापर प्रोग्रॅमच ठरवीत असे. पुढील परम ८६०० मधील आय८६० प्रोसेसरात कॅश होती व ती योग्य वेळी रिकामी करणे हे सॉफ्टवेअरचे काम होते.

दोषाचे स्वरूप :
आर्मसारख्या प्रोसेसरवर लोडर कर्नेल स्मृतीत उतरवितो, तेव्हा नवा मजकूर काही काळ डेटा कॅशमध्येच राहू शकतो. ती रिकामी न करता कॅश बंद केली, तर प्रोसेसर मुख्य स्मृतीतील शिळा मजकूर आज्ञा म्हणून वाचतो आणि यंत्र मूक होते. शोधासाठी संदेश छापणाऱ्या ओळी घातल्यास कॅशमधील जुन्या नोंदी आपोआप बाहेर पडू शकतात व दोष दिसेनासा होऊ शकतो. तेव्हा तो मिटलेला नसतो, केवळ दडलेला असतो. म्हणून कॅश आरंभापासून बंद ठेवून पाहणे आणि स्मृतीतील प्रतिमा मूळ प्रतिमेशी ताडणे, या कसोट्या अधिक विश्वसनीय ठरतात. उपायाचा क्रमही ठरलेला आहे : डेटा कॅश मुख्य स्मृतीत उतरविणे, ते पूर्ण होईपर्यंत थांबणे, आज्ञा कॅश रद्द करणे व नंतरच कर्नेलकडे नियंत्रण देणे.

निष्कर्ष :
२०१२ मध्ये लिनक्समध्ये ६४-बिट आर्मचा समावेश झाला. कर्नेलकडे नियंत्रण देताना कॅश कोणत्या स्थितीत असावी, हे त्याच्या आरंभविषयक दस्तऐवजात लेखी नोंदविले आहे. दोन प्रतींतील सत्य प्रत कोणती, हे यंत्र प्रत्येक वेळी स्वतः ठरवीत नाही; ती जबाबदारी कोणाची, हे माणसांना आधी ठरवावे लागते. मिहानकडे पाहणाऱ्या महाविद्यालयांनी हा इतिहास प्रयोगशाळेत शिकविणे अगत्याचे आहे.