संगणकाचा थंडावा आणि जालन्याचा उन्हाळा : प्रोसेसर कूलरच्या निवडीचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

मराठवाड्यात 'कूलर' हा शब्द उच्चारला की खिडकीला लावलेले, गवताच्या जाळ्यांवर पाणी सोडणारे यंत्र डोळ्यांसमोर येते. संगणकाच्या पेटीतही एक कूलर असतो, याची जाणीव मात्र तो बंद पडेपर्यंत सहसा होत नाही. महाविद्यालयांच्या संगणक प्रयोगशाळांसाठी यंत्रे खरेदी करताना प्रोसेसर, स्मृती व साठवणक्षमता यांची तुलना काटेकोरपणे केली जाते. कूलर मात्र प्रोसेसरच्या खोक्यातून जो येईल तो स्वीकारला जातो. संगणकाच्या थंडाव्याची जबाबदारी इतिहासक्रमात इमारतीकडून प्रोसेसरवरील छोट्या पंख्याकडे सरकली. त्या पंख्याला कोणती हवा मिळते, हा प्रश्न मात्र मागेच राहिला, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे.

दालनाकडून पेटीकडे

महाराष्ट्रातील संगणकाचा इतिहास मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेपासून सुरू होतो. तेथे १९६० मध्ये कार्यान्वित झालेल्या 'टिफ्रॅक' या यंत्रात सुमारे २,७०० निर्वात नलिका होत्या. १९६४ मध्ये त्याच संस्थेत सी.डी.सी. ३६०० हा संगणक आला. त्या काळातील मोठ्या संगणकांसाठी वातानुकूलित दालन ही प्राथमिक गरज मानली जाई. यंत्राला हवी तशी हवा पुरविणे हे संस्थेचे काम होते.

१९८८ मध्ये पुण्यात 'सी-डॅक' या संस्थेची स्थापना झाली आणि १९९१ मध्ये डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली 'परम ८०००' हा महासंगणक सिद्ध झाला. अनेक ट्रान्सप्युटर समांतर जोडण्याचा मार्ग त्यात स्वीकारण्यात आला होता. पुण्याच्याच 'आयसर' संस्थेत २०१९ मध्ये उभारलेल्या 'परम ब्रह्म'मध्ये तर द्रव थेट प्रोसेसरपर्यंत नेऊन उष्णता वाहून नेण्याची योजना आहे. म्हणजेच जेथे यंत्र मोलाचे मानले गेले, तेथे थंडावा हा त्याच्या रचनेचाच भाग ठरला.

वैयक्तिक संगणकाची वाटचाल वेगळी होती. १९८५ चा ८०३८६ हा प्रोसेसर सहसा कोणत्याही कूलरविना चालत असे. १९९३ च्या पहिल्या पेंटियममध्ये सुमारे १५ वॅट उष्णता निर्माण होऊ लागली आणि धातूच्या पाकळ्या व पंखा आवश्यक झाले. २००४ पर्यंत पेंटियम ४ च्या काही प्रतिमानांनी ११५ वॅटपर्यंत मजल मारली. त्याच वर्षी इंटेलने 'तेजस' या नावाने आखलेला पुढील प्रोसेसर रद्द केला. उष्णता व वीजवापर हे त्यामागील प्रमुख कारण मानले जाते. २००६ चा कोअर २ ड्युओ बहुतांश प्रतिमानांत ६५ वॅटवर उतरला.

नेमक्या याच काळात, २००१ मध्ये सुरू झालेल्या एम.एस.-सी.आय.टी. अभ्यासक्रमामुळे संगणक तालुक्याच्या गावी पोहोचला. वातानुकूलित दालन मागे राहिले आणि पत्र्याच्या छताखालील खोली आली.

हवेचे गणित

कोणताही कूलर उष्णता नष्ट करीत नाही. तो ती भोवतालच्या हवेला देतो. म्हणून पंख्याने थंड केलेला प्रोसेसर खोलीतील हवेपेक्षा थंड होऊ शकत नाही. पेंटियम ४ सोबत येणारा पंखा, आत येणारी हवा सुमारे ३८ अंश सेल्सिअस झाली की पूर्ण वेगाने फिरे, आणि हवा त्याहून अधिक तापू नये अशी अपेक्षा होती. जालन्यात मे महिन्यात बाहेरचेच तापमान ४० अंशांपलीकडे जाते.

एक उदाहरण घेऊ. प्रोसेसर ६५ वॅटचा आहे, कूलर प्रतिवॅट ०.५ अंश वाढ होऊ देतो आणि कॅबिनेटमधील हवा खोलीपेक्षा ५ अंश अधिक तापते, असे मानू. खोली २५ अंशांवर असेल तर प्रोसेसर साधारण ६२ अंशांवर राहील. खोली ४२ अंशांवर गेली तर तोच ७९ अंशांपुढे जाईल. आता प्रतिवॅट ०.२५ अंशाचा कूलर घेतला, तर त्याच ४२ अंशांच्या खोलीत प्रोसेसर सुमारे ६३ अंशांवर राहील. याचा अर्थ असा की, वातानुकूलित खोलीत साधा कूलर जे साधतो, तेच जालन्यात साधण्यासाठी दुप्पट कार्यक्षम कूलर लागतो. येथे तो चैनीचा भाग उरत नाही.

पेंटियम ४ पासूनचे प्रोसेसर तापले की जळत नाहीत. स्वतःचा वेग घटवितात. त्यामुळे दोष दिसत नाही, केवळ यंत्र मंदावते. अशा यंत्रावर 'जुने झाले' असा शेरा पडण्याची व ते निर्लेखित होण्याची शक्यता असते. प्रत्यक्षात पाकळ्यांत धूळ साचलेली असते किंवा थर्मल पेस्ट वाळलेली असते.

निवड व बसवणी

बाजारातून वेगळा कूलर घेताना प्रथम सॉकेट पाहावे. इंटेलच्या एल.जी.ए. ७७५ मध्ये छिद्रांमधील अंतर ७२ मि.मी., ११५५ पासून १२०० पर्यंतच्या सॉकेटांत ७५ मि.मी. आणि २०२१ च्या १७०० मध्ये ७८ मि.मी. आहे. दुसरी बाब उंचीची. १२० मि.मी. पंख्याचे, उष्णतानलिका असलेले उभे कूलर अनेकदा १५० मि.मी. हून उंच असतात व अरुंद कॅबिनेटमध्ये मावत नाहीत. तेथे ९२ मि.मी. पंख्याचा उभा कूलर किंवा वरून खाली हवा सोडणारा आडवा कूलर योग्य ठरतो. द्रवाधारित कूलरही अखेर उष्णता खोलीलाच देतो, शिवाय त्यातील पंप हा बिघाडाचा आणखी एक घटक असतो. प्रयोगशाळेसाठी हवेचा कूलरच सोयीचा.

बसविण्यापूर्वी जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी. ए.एम.डी.च्या पिनांच्या प्रोसेसरवरील कूलर सरळ ओढू नये. यंत्र थोडे तापवून, हलकेच पिळून काढावा, अन्यथा प्रोसेसर सॉकेटमधून उपटला जाऊ शकतो. नवी पेस्ट लहान वाटाण्याएवढी पुरते. तळावरील संरक्षक पापुद्रा काढण्यास विसरू नये. स्क्रू कर्णरेषेत, थोडे थोडे आवळावेत. पंख्याची हवा कॅबिनेटच्या मागील बाजूकडे जाईल अशी दिशा ठेवावी. बदलापूर्वी व बदलानंतर, त्याच खोलीत व त्याच वेळी तापमानाची नोंद घ्यावी.

समारोप

'टिफ्रॅक'च्या काळात संस्था यंत्रासाठी हवा घडवीत असे. आज यंत्र हवेशी जुळवून घेईल असे गृहीत धरले जाते आणि ते गृहीतक बहुधा परक्या हवामानात तयार झालेले असते. म्हणून दरपत्रके मागविताना तौलनिक तक्त्यात कूलरसाठी स्वतंत्र रकाना असावा आणि त्याची कसोटी मे महिन्यातील खोलीचे तापमान ही असावी. तसेच दर उन्हाळ्यापूर्वी कूलरच्या पाकळ्या स्वच्छ करण्याची नोंद जडवस्तू नोंदवहीत ठेवली जावी. यंत्र निर्लेखित करण्यापूर्वी त्याचा कूलर तपासला गेला, तरी मर्यादित अनुदानावर चालणाऱ्या ग्रामीण महाविद्यालयांची काही यंत्रे आणखी काही वर्षे विद्यार्थ्यांच्या उपयोगी पडतील.