महाभूत-सहचर
भूमिका-खेळांत मंत्राने बोलावला जाणारा पृथ्वी, आप, तेज किंवा वायूचा सोबती. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ (१९७४) या खेळाच्या २०२० मधील ‘टाशाज कॉल्ड्रन ऑफ एव्हरीथिंग’ या पुस्तकाने त्याचे बळ मंत्राच्या पातळीशी बांधले: चौथ्या पातळीला ५० प्राणांक, पुढे दर पातळीला १० जास्त, हल्ले पातळीच्या निम्मे. बोलावणाऱ्याची एकाग्रता मोडली की तो नाहीसा होतो. त्यामुळे तो खेळाडूवर कुरघोडी करत नाही, आणि रचनेचा कस इथेच लागतो. स्वभाव मात्र त्याला मुलखाने द्यावा. अमरावती-अकोल्याच्या काळ्या मातीतला सहचर उन्हाळ्यात भेगांत शत्रूचा पाय अडकवेल, पावसाळ्यात बैलगाडीची चाके रुतवेल. पूर्णा नदीकाठच्या, खाऱ्या पाण्याच्या खारपाणपट्ट्यातला जलसहचर तहान भागवणार नाही, पण शत्रूचे शेत चोपण, म्हणजे क्षारांनी नापीक, करून टाकेल.