फ्लॅश पोचेल तिथपर्यंत

मामांनी स्टुडिओ मोडला तेव्हा निगेटिव्हच्या दोन पत्र्याच्या पेट्या आमच्या घरी आल्या. मामा म्हणजे सख्खे नव्हेत. माजलगावात आमच्या गल्लीतले फोटोवाले, त्यांना सगळेच मामा म्हणत. "तू कंप्युटरवाला. बघ काही करता आलं तर," एवढंच म्हणाले.

मी पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करतो. गेली दोन वर्षं सुट्टीत घरी गेलो की स्कॅनर घेऊन बसतो. खरं तर मला एकच फोटो हवा होता, त्याबद्दल पुढे सांगतो. पण तो शोधताना एक गोष्ट हळूहळू लक्षात आली. लग्नाच्या फोटोत कोण आलं आणि कोण राहिलं, यातलं निम्मं तरी मामांनी कॅमेरा, रोल आणि फ्लॅश विकत घेतला तेव्हाच ठरून गेलं होतं.

मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली ती १८५४ साली. बीड जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता, तो १९४८पर्यंत. त्या राज्यातला मोठा फोटोग्राफर म्हणजे लाला दीनदयाळ. सहाव्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार, सिकंदराबादेत स्टुडिओ, १८९६मध्ये मुंबईतही. महाल, शिकारी, मेजवान्या, नवाबांची घराणी हे त्यांचे विषय. आमच्याकडच्या कुणब्याच्या लग्नमांडवापर्यंत कॅमेरा यायला पुढं दोन-तीन पिढ्या गेल्या. माझ्या आजोबांच्या लग्नाचा एकही फोटो नाही. काढलाच नव्हता.

पेटीतल्या सगळ्यात जुन्या निगेटिव्ह चौकोनी आहेत, सहा सेंटिमीटर बाय सहा, कृष्णधवल. मामांचा पहिला कॅमेरा याशिका मॅट १२४ जी. वरून डोकावून बघायचा, छातीशी धरायचा, दोन डोळ्यांचा. १२०च्या एका रोलवर बारा फोटो. त्या काळात उटीच्या सरकारी हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा 'इंदू' रोल मिळायचा. बारा फोटोंत लग्न बसवायचं म्हणजे हळदीचा एक, अंतरपाटाचा एक, दोन्हीकडच्या मंडळींचा एकेक, असं रेशनिंग चालायचं. मामा म्हणतात, "आधी यादी, मग फोटो." आहेराचे फोटो तेव्हा कुणी मागतही नव्हतं.

या कॅमेऱ्याची लेन्स ८० मिमीची, पक्की बसवलेली, बदलता येत नाही. मोठ्या चौकोनी निगेटिव्हवर ती साधारण आपल्या नजरेइतकंच बघते. म्हणजे चाळीस माणसांचा घोळका घ्यायचा तर मागं सरकत सरकत अंगणाबाहेर, कधी उकिरड्यापर्यंत जावं लागे. त्यामुळे त्या फोटोंत माणसं लहान आणि गाव मोठं दिसतं: मातीच्या भिंती, माळवदाची कड, लिंबाचं झाड, ओट्यावर बांधलेली शेळी. सिंदफणेवरचं माजलगावचं धरण १९८७च्या सुमारास पुरं झालं आणि पोटातली गावं पाण्याखाली गेली. त्यातल्या एका गावातल्या लग्नाच्या बारा निगेटिव्ह पेटीत आहेत. त्या घरातल्या लोकांना मी स्कॅन पाठवले, तर त्यांनी नवरा-नवरीकडे बघितलंच नाही. मागची भिंत कुणाची, यावर त्यांच्यात वाद झाला. मामांकडे तेव्हा वाइड लेन्स असती तर जवळ उभं राहून भागलं असतं आणि त्या भिंती इतक्या आल्या नसत्या.

पुढं रंगीत आलं. मामांनी पेन्टॅक्स के १००० घेतला. १९७६ ते १९९७ अशी एकवीस वर्षं हे मॉडेल निघत होतं. बॅटरी लागायची ती फक्त प्रकाश मोजायला. ती संपली तरी कॅमेरा चालत राही. एका रोलवर छत्तीस फोटो, लेन्सही बदलता येणारी. ५० मिमी रोजची, २८ मिमी अरुंद ओसरीसाठी, १३५ मिमी 'आउटडोअर'साठी. आउटडोअर म्हणजे आमच्याकडे धरणाची भिंत, दुसरं काय!

बारावरून छत्तीस म्हणजे फायदाच, असं कुणालाही वाटेल. पण भर उन्हात या नव्या कॅमेऱ्याची एक अडचण होती आणि ती समजायला मला दोन दिवस लागले.

आमच्याकडची लग्नं मेमधली, ऊसतोडीला गेलेली माणसं परतल्यावरची. मुहूर्त दुपारी साडेबाराचा. सूर्य बरोबर डोक्यावर. पारावरच्या मारुतीला परण्या निघतो तेव्हा नवरदेवाच्या फेट्याची आणि मुंडावळ्यांची सावली डोळ्यांवर पडते, चेहरा काळाठिक्कर येतो. यावर उपाय म्हणजे दिवसासुद्धा फ्लॅश मारायचा. पेन्टॅक्समध्ये पडद्याचं शटर. एक पडदा उघडत जातो, मागून दुसरा मिटत येतो. फ्लॅश क्षणार्धाचा असतो, त्या क्षणी अख्खी फिल्म उघडी हवी, आणि ती उघडी असते फक्त सेकंदाच्या साठाव्या भागाला किंवा त्याहून हळू. शंभरचा रोल, मेचं ऊन, वेग एक साठांश. मग भोक एफ-२२पर्यंत बारीक करावं लागतं. मामांचा फ्लॅश व्हिविटार २८३, त्याचा गाइड नंबर मीटरमध्ये ३६. छत्तीस भागिले बावीस, म्हणजे दीड मीटरहून थोडं जास्त. तेवढ्यात नवरदेव एकटा मावतो, करवली बाहेर.

याशिकाचं शटर लेन्सच्या आतच, पाकळ्यांसारखं उघडणारं. कोणत्याही वेगाला फ्लॅश जुळतो. एक पाचशेअंशाला एफ-८ पुरतं, आणि छत्तीस भागिले आठ म्हणजे साडेचार मीटर. सगळे सोयरे उजेडात! नवा कॅमेरा घेऊनही मामा परण्याला जुनाच डबा गळ्यात अडकवून का जायचे, हे कोडं मला लहानपणापासून होतं. कंजूषपणा वाटायचा. उत्तर भागाकारात निघालं.

रोलचंही तसंच. दिवसा शंभरचा, रात्री चारशेचा, पण एकदा घातला की छत्तीस संपेपर्यंत बदलायचा कसा? म्हणून दोन कॅमेरे. शिवाय मेच्या उन्हात रोल तापू नये म्हणून मामांच्या घरी डब्या माठाशेजारी ठेवलेल्या असत. १९९९ला ज्येष्ठ अधिक आला. तालुक्यातल्या पुरुषोत्तमपुरीला गोदाकाठी गर्दी लोटली आणि ऐन सराईत लग्नं बंद. घेऊन ठेवलेले रोल तसेच पडून. मामी अजून त्या वर्षाला 'रोलचा धोंडा' म्हणते.

मग लॅब. रोल एसटीनं तेव्हाच्या औरंगाबादला जायचे. छपाईचं यंत्र साऱ्या फोटोची रंगांची सरासरी करड्याकडे ओढतं. हळदीच्या फोटोत सगळंच पिवळं. यंत्राला वाटतं काही तरी बिघडलंय, ते पिवळा कमी करतं आणि नवरी निळसर होते. रात्रीचा काळा मांडव असला की यंत्र अख्खा फोटो उजळतं आणि चेहरे पिठासारखे निघतात. तसंही कोडॅकच्या लॅबमधून रंग जुळवायला जे नमुना-कार्ड जाई, त्यावर वर्षानुवर्षं एक गोरी बाई असायची. कार्डाला नावच 'शर्ली' पडलं होतं. माजलगावच्या उन्हात रापलेला चेहरा त्या हिशोबात कुठं बसणार?

आता मला हवा असलेला फोटो.

आईचं लग्न मे १९९५चं. तीन रोल, १०८ फ्रेम. मी मोजल्या: ४१ फक्त आहेराच्या. आजी, म्हणजे आईची आई, माझ्या जन्माआधीच गेली. तिचा एकही फोटो घरात नाही. आईचं म्हणणं, पाठवणीच्या फोटोत मागं कुठंतरी असेल. अल्बममध्ये तिथं नुसता काळोख. वाटलं, छापताना गेलं असेल, निगेटिव्हवर असेल.

ती फ्रेम सापडली. सोळा बिटमध्ये स्कॅन केली. पण फ्लॅश ऑटोवर होता. समोरच्याकडून पुरेसा उजेड परत आला की तो आपोआप तुटतो. पुढं दोन मीटरवर जावई, पाहुणे, एक पुढारी. त्यांच्या पांढऱ्या टोप्यांनी हिशोब पुरा केला. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई, तिप्पट झालं की नववा हिस्सा. बायका तिसऱ्या रांगेत, सहा मीटरवर. माझ्या कामात साठवलेलं काही खोडलं तरी बहुतेक परत मिळतं. इथं साठवलंच नव्हतं. सावल्या उचलल्या तर नुसते रंगीत दाणे वर आले. फक्त एका जागी चार बारीक चमकते ठिपके, एकाखाली एक. बांगड्या. कुणीतरी पदर तोंडाला लावला होता, त्या हाताच्या.

रात्री लॅपटॉप आईसमोर ठेवला. तिनं चष्मा लावून बराच वेळ बघितलं.

"ही ती नाही," ती म्हणाली. "ही कासारीण. चुडा भरायला आली होती, जेवायला थांबली."

"मग आजी?"

"ती मांडवात नव्हतीच. आत माझी शिदोरी बांधत होती."