आजोबांच्या पेटीचा गंधार

आजोबांची पेटी सॅम्पलरमध्ये भरायला घेतली, तेव्हा वाटलं, एक सूर रेकॉर्ड केला की झालं. पण तोच सूर फार वर नेला की चिरका होतो, फार खाली आणला की जड. विकत मिळणाऱ्या सुरुवातीच्या डिजिटल सॅम्पलरांपैकी एक म्हणजे १९७९ चा सिडनीचा फेअरलाइट. त्यातही हेच व्हायचं, कारण वाजवण्याचा वेग दुप्पट केला की सूर सप्तकभर चढतो. म्हणून मी दर तिसऱ्या पट्टीला वेगळं सॅम्पल लावलं.

मग सॉफ्टवेअर म्हणालं, गंधार १४ सेंट उतरलाय. दुरुस्त करू?

उतरला नव्हता. आजोबांनी रीड बुडाशी घासून तो तानपुऱ्याशी मिळवला होता. पेटीचे बारा सूर ठरलेले आणि मींडही निघत नाही, म्हणून ऑल इंडिया रेडिओनं १९४० मध्ये तिच्यावर बंदी घातली. ती १९७१ मध्ये काहीशी सैल झाली. आजोबांनी आपल्यापुरतं उत्तर आधीच शोधलं होतं.

त्याची किंमतही होती. षड्ज बदलला की तो गंधार खटकतो. पण आजोबांनी काळी एक कधी सोडलीच नाही.

मी ‘नाही’ दाबलं.